साठ हप्त्यांचं कर्ज, दोन वर्षांचा मासा

शुक्रवारची संध्याकाळ. लॉगआउट केलं, हेल्मेट हातात घेतलं आणि तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन. ना हाय, ना हॅलो. "गो ताई, तुझ्या नावावर लोन किती मिळात?"

आम्ही मालवणकडचे. बाबांचं सगळं आयुष्य रापणीवर गेलं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडतात, मग दोन्ही टोकांना माणसं लागतात आणि ओढत ओढत वाळूवर आणतात. जे मिळेल त्याचे वाटे पडतात. मी मात्र समुद्रापासून शेकडो मैल लांब, नागपुरात, दिवसभर एसीत बसून लोकांच्या कर्जाच्या फायली तपासते. भावाला रापण नको होती. त्याला मित्रांबरोबर मोठी होडी, मोठं इंजिन आणि मोठं जाळं घ्यायचं होतं. पाच वर्षांचं कर्ज, साठ हप्ते.

"आणि हप्ता कशातून भरणार?" माझ्यातल्या बँकवालीने विचारलं.

"तारल्यांतून!"

तारली माहीत नसेल तर सांगते, कारण मंगळवारीच्या बाजारात मला ती अजून एकदाही दिसलेली नाही. वीतभर लांबीचा, चांदीसारखा चमकणारा, तेलकट, स्वस्त मासा. तिरफळ घालून तिखलं केलं की दोन घास जास्तच जातात. इंग्रजीत ऑइल सार्डिन. युरोपात ज्या हेरिंगवर बंदरं उभी राहिली, त्या हेरिंगची ही गरीब चुलतबहीण.

फाइल आली की तपासायची, ही सवयच. म्हटलं, भावाचीही तपासू. वीकेंडला सावजी रद्द केलं आणि तारलीचा 'इन्कम प्रूफ' शोधायला बसले.

कोचीला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आहे. १९४७ साली सुरू झालेली. तिथले लोक बंदरोबंदरी जाऊन मासळी मोजतात. किती उतरली, केवढी होती, पोटात अंडी होती का, सगळं. त्यांचे केरळचे आकडे पाहून मी चहा बाजूला ठेवला. २०१२ मध्ये तारली जवळपास चार लाख टन. २०२१ मध्ये ३,२९७ टन. चुकून शून्य राहिलं असेल म्हणून दोनदा वाचलं. नव्हतं राहिलं. पुढे २०२३ मध्ये पुन्हा लाखाच्या वर! असा पगार असलेल्या माणसाला मी कर्ज देईन? क्रेडिट कार्डसुद्धा नाही देणार.

पण असं होतं का? उत्तराची सुरुवात थेट नॉर्वेतून झाली. योहान योर्ट नावाच्या शास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी हेरिंगचं वय मोजायला घेतलं. झाडाच्या खोडात वर्षाचं वलय पडतं तसं माशाच्या खवल्यातही पडतं. त्याला दिसलं की वर्षानुवर्षं जाळ्यात येणारे बरेचसे मासे एकाच साली जन्मलेले आहेत, १९०४ च्या बॅचचे. हेरिंग लाखांनी अंडी घालत असते, पण जन्मल्या जन्मल्या पिलांना वेळेवर खाणं मिळालं तरच ती जगतात. असं भाग्याचं साल क्वचित येतं. एक आलं की पुढची कित्येक वर्षं निभावतात, कारण नॉर्वेची हेरिंग वीस वर्षंही जगू शकते. थोडक्यात, हेरिंगची एफडी आहे. अर्थात एफडीही मोडता येते. १९६० च्या दशकात मोठ्या बोटींनी ती मोडली आणि साठा परत भरायला वीसेक वर्षं लागली.

तारलीकडे एफडी नाही. तिचं आयुष्य जेमतेम दोन-अडीच वर्षांचं. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखं, या महिन्याचा पगार या महिन्यात. पावसाळ्यात दक्षिणेकडच्या किनाऱ्याला खोलातलं गार, खतावलेलं पाणी वर येतं, त्यात सूक्ष्म शेवाळ फोफावतं आणि त्याच सुमारास तारली अंडी घालते. मोसम बिघडला की पिलांची उपासमार, आणि मागे शिल्लक काहीच नाही. दुसऱ्या वर्षी बंदर रिकामं. पाऊस जमला तर दोन वर्षांत पुन्हा टोपल्या भरलेल्या. २०२४ च्या पावसानंतर तर केरळात इतकी पिलं जगली की खाणं पुरेना, मासे खुरटले आणि भाव पार पडला. वाईट वर्ष बुडवतं, चांगलं वर्षही बुडवू शकतं!

आता माझ्या भावाची फाइल बघा. साठ महिन्यांचा हप्ता आणि तीसेक महिन्यांचा मासा. हप्ता चुकायला नको म्हणून तो वाईट वर्षातही समुद्रात जाणार, बोटभर पिलंसुद्धा उचलून फिशमीलच्या कारखान्याला देणार. म्हणजे पुढच्या वर्षीचा पगार आजच खर्च. पाऊस त्याच्या हातात नाही, पण हे आहे. म्हणूनच कोचीच्या शास्त्रज्ञांनी सांगितलं की १० सेंटिमीटरपेक्षा लहान तारली धरू नका. केरळने तसा नियम केला. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवली.

रविवारी मी फोन केला. म्हटलं, कर्ज नाही काढणार. रापणीचं जाळं दुरुस्त करायला माझ्या बचतीतून पैसे देते. चांगल्या वर्षी दे, वाईट वर्षी मागणार नाही. तो चिडला. "एसीत बसून सांगूक काय जाता!" म्हणाला आणि फोन ठेवला. खरं सांगू? ते लागलं. कारण त्यात तथ्य होतं. माझा पगार एक तारखेला येतो, त्याचा येत नाही.

पंधरा दिवस अबोला. मग गुरुवारी, मीटिंग चालू असताना, फोटो आला. ओल्या फळीवर एक तारली आणि शेजारी शाळेतली पट्टी. खाली फक्त 'सोळा'.

साधारण पंधरा सेंटिमीटरला तारली वयात येते. म्हणजे हिने बहुतेक एकदा तरी अंडी घातली असणार. मी टेबलाखाली फोन धरून टाइप केलं, 'आयेक तिखला करूक सांग.'

समोर प्रेझेंटेशन चालू होतं. मला मात्र तिरफळाचा वास येत होता.