जुना रेडिओ लावण्यापूर्वी

नागपूरच्या सक्करदरा भागात तलावाच्या आसपास जी जुनी घरे अद्यापि उभी आहेत, त्यांपैकी एखाद्या घराच्या माळ्यावर, पितळी भांड्यांच्या आणि जुन्या पंचांगांच्या संगतीत, मर्फी, फिलिप्स, बुश किंवा नॅशनल एक्को यांपैकी एखाद्या कंपनीचा लाकडी पेटीतला व्हॉल्व्हचा रेडिओ सापडावा, यात आश्चर्य नाही. जुलै १९४८ मध्ये नागपूरचे नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत ज्या कुटुंबांना ऐपत लाभली त्यांनी पोस्टाच्या दप्तरातून रीतसर परवाना काढून, दरसाल त्याची फी भरून, हे यंत्र दिवाणखान्यात प्रतिष्ठेने मांडले. पुढे ट्रान्झिस्टर आले, दूरदर्शन आले आणि हे यंत्र माळ्यावर गेले. आज एखादा नातू कुतूहलाने ते खाली उतरवितो, धूळ पुसतो आणि भिंतीतल्या सॉकेटमध्ये प्लग खुपसून बटण दाबतो. हेतू निर्मळ असला तरी चाळीस वर्षे निजलेल्या यंत्रावर याहून मोठा आघात दुसरा नाही, आणि हे लिहिण्याचे प्रयोजनही तेवढेच आहे.

व्हॉल्व्हच्या रेडिओला दोन प्रकारची वीज लागते. व्हॉल्व्हमधील तंतू तापविण्यासाठी ६.३ व्होल्ट आणि व्हॉल्व्हकडून काम करवून घेण्यासाठी सुमारे २५० व्होल्टचा, एकाच दिशेने वाहणारा प्रवाह. घरातील २३० व्होल्टची वीज दर सेकंदाला ५० आवर्तने करते. तिच्यापासून हे दोन्ही दाब निर्माण करणे ट्रान्स्फॉर्मरचे काम, आणि तिचा दिशाबदल थांबवून ती एकमार्गी करणे हे ईझेड ८० किंवा ईझेड ८१ यांसारख्या रेक्टिफायर व्हॉल्व्हचे. परंतु रेक्टिफायरमधून निघणारा प्रवाह अखंड नसतो. मोटेचे पाणी जसे थारोळ्यात भळाभळा पडते आणि मग क्षणभर खंडते, तसा तो येतो, आणि ते पाणी हौदात साठवून पाटाला संथ सोडावे, तसे त्याला संथ करण्याचे काम इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर करतात.

रेडिओतील सर्वांत अल्पायुषी घटक हाच. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा जो अत्यंत सूक्ष्म थर असतो, त्याच्या बळावर हा कंडेन्सर शेकडो व्होल्टचा दाब अडवून धरतो. पण तो थर विजेच्या नित्य सहवासाने टिकतो आणि वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यास क्षीण होतो. त्यातच नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा कौलांखालच्या माळ्यावर कंडेन्सरमधील ओलावा सुकत जातो, आणि त्यामागून येणारा पावसाळा मेण लावलेल्या कागदी कंडेन्सरांमध्ये दमटपणा भरतो. अशा स्थितीत एकदम पूर्ण दाब दिला की कंडेन्सर वीज अडविण्याऐवजी तिला वाट करून देतो, रेक्टिफायरवर आणि त्याच्यामागे ट्रान्स्फॉर्मरवर अवाच्या सवा भार पडतो, आणि काही मिनिटांत जळक्या वार्निशचा तो वास येतो, जो एकदा आला की कारागिराचे मन खचते. कंडेन्सर थोडक्या पैशांत मिळतो, व्हॉल्व्हही शोधाअंती मिळतो. ट्रान्स्फॉर्मर मात्र वाइंडिंग करणाऱ्याकडून नव्याने गुंडाळून घ्यावा लागतो. तेव्हा ट्रान्स्फॉर्मरचे रक्षण हेच या दुरुस्तीचे पहिले कलम होय.

तपास भिंतीकडून आत करीत जावा, आणि त्याचा आरंभ वीज न जोडता करावा. जुन्या वायरीचे रबर बोटांनी दाबताच भुगा होऊन पडते. ती बिनदिक्कत बदलावी. फ्यूज काढून पाहावा, कारण फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी तांब्याची जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळण्याची चाल आपल्याकडे फार होती, आणि कित्येक ट्रान्स्फॉर्मर त्या चांदीच्या कागदानेच मारले आहेत. मग बटण चालू स्थितीत ठेवून प्लगच्या दोन पिनांमध्ये मल्टिमीटरने रोध मोजावा. काही दशक ओहम दाखविले तर ट्रान्स्फॉर्मरचे पहिले वेटोळे अखंड आहे. काटा हललाच नाही तर दोष वायर, बटण, फ्यूज किंवा त्या वेटोळ्यात आहे.

यानंतर वीज द्यावयाची ती सिरीज बोर्डातून. प्रत्येक वायरमनला ठाऊक असलेली ही युक्ती मला या साऱ्या विद्येतील सर्वांत सुंदर वाटते. तंतूचा ६० वॉटचा साधा दिवा रेडिओच्या मार्गात एकसरीने जोडला म्हणजे आत कितीही बिघाड असो, दिव्यातून जाईल त्याहून अधिक वीज रेडिओपर्यंत पोहोचूच शकत नाही. येथे एलईडी दिवा उपयोगाचा नाही. तंतू तापताच त्याचा रोध अनेक पटींनी वाढतो, त्या गुणधर्मावरच या युक्तीची सारी मदार आहे. प्रथम रेक्टिफायर व्हॉल्व्ह उपसून ठेवावा. दिवा क्षणभर उजळून मंदावला आणि उरलेल्या व्हॉल्व्हांत तांबूस धग दिसू लागली, तर ट्रान्स्फॉर्मर निर्दोष समजावा. दिवा झगझगीतच राहिला तर वेटोळ्यात किंवा तंतूंच्या जोडणीत कोठेतरी शॉर्ट आहे.

रेक्टिफायर परत बसविण्यापूर्वी कंडेन्सरांचा निकाल लावावा. जुन्या कंडेन्सरला मोठ्या रोधातून तासन्‌तास हळूहळू दाब देऊन पुन्हा सिद्ध करता येते, हे खरे; परंतु घरात नित्य वाजणाऱ्या रेडिओसाठी मी नवा कंडेन्सरच पसंत करीन. तो ४५० व्होल्टचा असावा, कारण व्हॉल्व्ह तापून भार घेईपर्यंत दाब साडेतीनशेपर्यंत चढू शकतो. आणि ईझेड ८० नंतरचा पहिला कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडहून मोठा नसावा, नाहीतर तो भरताना ओढला जाणारा प्रवाह रेक्टिफायरला सोसत नाही. त्याच वेळी ईएल ८४ सारख्या अखेरच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेला छोटा कागदी कंडेन्सरही बदलावा. तो झिरपू लागला की तो व्हॉल्व्ह बेसुमार प्रवाह ओढतो, त्याचा पत्रा लाल होतो, ट्रान्स्फॉर्मर तापतो आणि दोष मात्र बिचाऱ्या विद्युत्पुरवठ्याच्या माथी येतो.

मग रेक्टिफायर परत बसवून मीटर आणि कान, दोघांनाही कामाला लावावे. पहिल्या कंडेन्सरवर दाब शून्य, पण रेक्टिफायरच्या पायांवर वीज हजर, तर रेक्टिफायर निकामी. दाब अत्यल्प आणि मार्गातला रोध चटका देण्याइतका गरम, तर पुढे कोठेतरी गळती. दाब ठीक, पण आवाजाखाली सतत घरघर, तर कंडेन्सर सुकलेला. ही घरघर दर सेकंदाला १०० कंपनांची असते, कारण रेक्टिफायर आवर्तनाचे दोन्ही अर्ध उपयोगात आणतो. तीच जर अधिक खर्जात, ५० कंपनांची ऐकू आली आणि दाबही उतरलेला असला, तर रेक्टिफायरचा अर्धा भाग मेला आहे असे जाणावे. सरावलेला कारागीर हा निर्णय मीटर न उचलता देतो.

एका जातीच्या रेडिओविषयी मात्र कडक इशारा दिला पाहिजे. एसी आणि डीसी अशा दोन्ही विजांवर चालणाऱ्या रेडिओंत ट्रान्स्फॉर्मरच नसतो. यूसीएच ८१, यूसीएल ८२, यूवाय ८५ असे व्हॉल्व्ह एकापुढे एक जोडून थेट घरच्या विजेवर तापविले जातात. त्यांपैकी एकाचा तंतू तुटला की सगळेच विझतात, म्हणून तपास सोपा. परंतु प्लग उलटा बसला तर चासीचा संपूर्ण पत्रा सजीव होतो, आणि बटणाची मूठ निघालेली असली तर उघडा दांडाही. विजेचे रीतसर शिक्षण नसलेल्याने या रेडिओची पाठ उघडूच नये. इतर रेडिओंतही प्लग काढल्यावर कंडेन्सरमध्ये प्राणघातक विद्युत्संचय शिल्लक असू शकतो. १० किलोओहमच्या, ५ वॉटच्या रोधाने तो उतरवून, मीटरने खात्री करूनच आत हात घालावा.

हल्ली काही जण आतले सारे उपटून पेटीत ब्लूटूथचा तयार बोर्ड बसवितात. हे मला पाहवत नाही. दुरुस्त होणारे यंत्र केवळ पेटीसाठी रिकामे करणे हा नाश आहे, मग पेटी कितीही चकचकीत केलेली असो.

रेडिओ बोलू लागल्यावर त्याच्या पाठीवरील व्होल्टेज सिलेक्टर अवश्य पाहावा. तो २२० वर असेल आणि रात्री वस्तीतला भार उतरून दाब २५० पर्यंत चढत असेल, तर ६.३ व्होल्टच्या तंतूंना ७ हून अधिक व्होल्ट मिळतात आणि व्हॉल्व्हांचे आयुष्य झपाट्याने सरते. २४० किंवा २४५ अशी खूण असल्यास सिलेक्टर तेथे फिरवावा, आणि तंतूंवरील दाब रात्रीच्या वेळी पुन्हा एकदा मोजून पाहावा.