घोडा सरकारचा, शिंगरू कुणाचे?

सहीह बुखारीत मजुरी आणि भाड्याच्या व्यवहारांचा एक भाग आहे. त्यात हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) यांची एक छोटीशी हदीस येते. पैदाशीसाठी नर देऊन त्याचे पैसे घ्यायला प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी मनाई केली, एवढाच तिचा आशय. आपण ती वाचतो आणि पुढे जातो. डोंबिवलीच्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला घोडा-घोडीच्या व्यवहाराशी काय देणेघेणे?

पण ज्या समाजात ही गोष्ट सांगितली गेली तिथे घोडा आणि उंट म्हणजेच दौलत होती. चांगला नर मोजक्या श्रीमंतांकडेच असायचा. घोडी मात्र गरिबाकडेही असायची, विधवेकडेही असायची. नरवाल्याने पैसे मागायला सुरुवात केली की गरिबाच्या दारातली पैदास थांबली. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्या हदीसमध्ये जनावरांच्या मालकावर कोणते हक्क येतात ते सांगितले आहे. त्यात पाणवठ्यावर दूध काढून गरजूला देणे आहे, विहिरीची बादली उसनी देणे आहे, आणि त्याच ओळीत नर उसना देणेही आहे. म्हणजे शेजाऱ्याला बादली नाकारणे आणि नर नाकारणे, दोन्ही एकाच पारड्यात.

दुसरे कारण व्यवहाराचे आहे. पैसे कशाचे घ्यायचे? गर्भ राहील की नाही हे कुणाच्याच हातात नाही. ज्या वस्तूची खात्री नाही ती विकता येत नाही. म्हणून हनफी, शाफई आणि हंबली फकीहांपैकी बहुतेकांनी हा मोबदला नाजायज ठरवला. इमाम मालिक (रह.) यांच्या मजहबमध्ये वेळ किंवा खेपा ठरवून नर भाड्याने देण्याची मुभा आहे. कोकणातले आपण बहुसंख्य लोक शाफई, तेव्हा आपल्यासाठी बंदीचेच मत लागू. हंबली फकीह इब्ने कुदामा (रह.) यांनी एक बारीक फरक केला आहे. फुकट नर कुठे मिळतच नसेल तर गरजवंताने पैसे दिले तरी चालतील, घेणाऱ्याने मात्र घेऊ नयेत. मला हा फरक फार आवडतो. त्यात अडलेल्या माणसावर गुन्हा येत नाही.

तिर्मिजीत आणखी एक प्रसंग आहे. बनू किलाब कबिल्याच्या एका माणसाने विचारले की आम्ही नर देतो तेव्हा लोक खुशीने काही भेट देतात, तिचे काय? हुजूर (स.) यांनी भेटीची परवानगी दिली. भाव ठरवायचा नाही. कुणी प्रेमाने काही दिले तर नाही म्हणायचे नाही.

आता आपल्या ठाण्याकडे येऊ. घोडा हा या मातीतला प्राणी नव्हेच. चार महिने पाऊस, खाचरात गुडघाभर चिखल. इथे शेती बैल आणि रेड्याची. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राजाबद्दल लिहून ठेवलेली गोष्ट मजेशीर आहे आणि शरमेचीही. राजाकडे घोडे नव्हते, आणि हिंदुस्थानकडे येणाऱ्या गलबतांवर घोडे हमखास असत. म्हणून त्याने समुद्री चाच्यांशी करार केला: लूट तुमची, घोडे माझे. पुढे इंग्रजी अमलात हा व्यापार मुंबईत एकवटला. अरब सौदागर बसरा आणि आखाताच्या बंदरांतून घोडे आणत आणि मुंबईच्या तबेल्यांत विकत. आपल्या महाराष्ट्रातल्या मुसलमानांची सौदागर, नालबंद, चाबुकस्वार ही आडनावे याच जगाची आठवण आहेत.

घाट चढून गेल्यावर मात्र चित्र बदलते. भीमा आणि नीरेच्या खोऱ्यातली भीमथडी जात मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेली होती. लहानखुरी, काटक, थोड्या चाऱ्यावर मैलोन्‌मैल चालणारी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ईस्ट इंडिया कंपनीने शिरूरजवळ आलेगावला सरकारी पागा काढली. पागा केव्हाच बंद पडली तरी गावाचे नाव अजून आलेगाव पागाच आहे.

कंपनीचा पहिला विचार होता की घोडे सरकारने स्वतःच पैदा करावेत. बिहारमध्ये पुसा इथे मोठे केंद्र होते. 1808 पासून विल्यम मूरक्रॉफ्ट तिथे प्रमुख होता. चांगल्या नरांच्या शोधात हा माणूस थेट बुखाऱ्यापर्यंत गेला आणि 1825 मध्ये परतीच्या वाटेवर मरण पावला. एवढे करूनही सरकारी पैदास महाग पडली. 1870 च्या दशकात ती पद्धत मोडीत निघाली आणि 1876 मध्ये जे. एच. बी. हॅलन या पशुवैद्याच्या हाताखाली नवी योजना आली. हॅलन मूळचा मुंबई इलाख्याच्या फौजेतला. योजना अशी की नर सरकारचे, घोड्या शेतकऱ्यांच्या. विलायतेहून आणलेले थरोब्रेड आणि नॉरफोक ट्रॉटर, शिवाय अरबी घोडे जिल्ह्या-जिल्ह्यांत ठेवायचे. शेतकऱ्याने घोडी आणायची, पसंत पडली तर तिच्या अंगावर डाग द्यायचा, आणि मग सरकारी घोडा फुकट. दख्खनमध्ये पुणे आणि अहमदनगर हे या कामाचे जिल्हे होते. पुढे जिल्हा बोर्डांनीही तट्टांच्या पैदाशीसाठी स्वतःचे नर ठेवले. गावोगावी घोड्या तपासणारे सलोतरी आले. त्यांच्यातले कितीतरी मुसलमान होते, कारण फारसी-उर्दू फरसनाम्यांचे ज्ञान आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. उर्दूत रेख्तीचा शायर म्हणून ओळखला जाणारा सआदत यार खान रंगीन हा घोड्यांचाही जाणकार होता आणि त्याने फरसनामा लिहिला, हे आमच्या उर्दूच्या वर्गात सांगितले की मुले हसतात.

तर घोडा फुकट मिळाला. हदीसच्या कसोटीवर इंग्रज सरकार पास झाले म्हणायचे का?

इथे थांबून बघावे लागते. सरकारला हवा होता फौजेचा घोडा: उंच, लांब टांगांचा, स्वारासकट सामान वाहणारा. शेतकऱ्याला हवे होते बाजारहाट करणारे तट्टू. लहान भीमथडी घोडीवर उंच विलायती घोडा लावला की शिंगरू बऱ्याचदा नुसते लांब पायांचे, हाडाने हलके निघे. ही तक्रार त्या काळच्या जाणकार इंग्रजांनीही केली आहे. असे शिंगरू फौजेने घेतले तर ठीक. नाही घेतले तर शेतकऱ्याने त्याला दाणा कुठून घालायचा? योजना आली ते 1876 हेच दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचे वर्ष होते. माणसांना ज्वारी नव्हती, जनावरे चाऱ्यावाचून मरत होती. नर फुकट होता, त्याच्या संततीचे पोट फुकट नव्हते.

पंजाबात ही गोष्ट आणखी पुढे गेली, आणि ती आपल्या वाचकांनी जरूर समजून घ्यावी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाहपूर जिल्ह्यात झेलमचा कालवा निघाला. पडीक जमिनीला पाणी मिळाले आणि ती जमीन एका अटीवर वाटली गेली: जमीन घ्या, पण फौजेसाठी घोडी पाळा. अशा शेतकऱ्याला घोडीपाल म्हणत. घोडी सरकारने पसंत करायची, घोडा सरकारचा, आणि शिंगरू विकत घेण्याचा पहिला हक्कही सरकारचा. घोडी ठेवली नाही तर जमीन धोक्यात. यातले बहुतेक शेतकरी मुसलमान होते.

खरा घाव मात्र वारशावर होता. जमिनीचे तुकडे झाले तर घोडी पाळणे परवडणार नाही, म्हणून सरकारने नियम केला की बाप वारल्यावर जमीन एकट्या थोरल्या मुलाकडे जाईल. बाकीचे भाऊ हात चोळत राहिले. मुलींना तर पंजाबच्या रिवाजाने आधीच बाजूला ठेवले होते. सूरह निसामध्ये अल्लाहने वाटे ठरवून दिले आहेत. मुलगा, मुलगी, आई, पत्नी प्रत्येकाचा. त्या वाट्यांवर एका घोडीचा खूर पडला. म्हणून त्या घोड्याला मी फुकट म्हणायला तयार नाही.

नर उसना देणारा शेजारी तुमच्या शिंगराकडे डोळा ठेवत नाही. बादली परत मिळाली की त्याचा संबंध संपला.

आज घोड्यांचा हा व्यवहार पाहायचा तर पुण्याच्या स्टड फार्मकडे पाहावे लागेल. महालक्ष्मीच्या शर्यतींत धावणारे घोडे तिथे जन्मतात. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही, प्रत्यक्ष नरच लागतो, आणि नामांकित नराची एका खेपेची फी लाखांत जाते. तो जुगाराच्या दुनियेचा विषय, त्यावर वेगळे काय लिहायचे. भीमथडीची मात्र आनंदाची बातमी आहे. मेंढ्यांच्या कळपामागे संसार वाहणाऱ्या धनगरांनी ती टिकवली, आणि आता राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे.

आपल्या घरात हा मसला येतो तो बकरीच्या रूपाने. कल्याण, भिवंडी, शहापूरच्या गावांत आजही कितीतरी आपल्या बायका दोन-चार बकऱ्या पाळतात. बकऱ्या सगळ्यांकडे, बोकड एखाद्याकडेच. कारण उघड आहे. बोकड दूध देत नाही, वास मारतो, खातो दुप्पट, आणि ईदेला चांगली किंमत आणतो. मग तो ठेवायचा कुणी? जो ठेवतो तो म्हणतो, माझा चारा कोण देणार? त्याचेही म्हणणे अगदी खोटे नाही. आलिमांना मी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की बकरी दोन दिवस त्याच्या गोठ्यात राहिली तर तिच्या चाऱ्याचा आणि राखणीचा खर्च घ्यायला हरकत नाही. मोबदला बोकडाच्या कामाचा नसावा. सरकारी दवाखान्यात कृत्रिम रेतन करून घेताना जे नाममात्र शुल्क देतो त्याबाबत मते वेगवेगळी आहेत, ज्याने त्याने आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारून घ्यावे.

भिवंडीकडे आमच्या नात्यातल्या एक खाला आहेत. खालूंच्या इंतकालनंतर चार बकऱ्यांवर त्यांचे घर चालते. गावात दोघांकडे बोकड होते. एकजण खेपेला पैसे घ्यायचा, गर्भ नाही राहिला तरी परत द्यायचा नाही. दुसरा काहीच मागायचा नाही. बकरी व्याली की खाला त्याच्या घरी पायलीभर तांदूळ आणि घरच्या कोंबडीची अंडी पाठवायच्या, आणि त्याची बायको रिकामे भांडे कधी परत पाठवायची नाही. यंदा त्याच्या मुलीचे लग्न निघाले, म्हणून ईदेच्या बाजारात त्याने बोकड विकला. खालांनी आता या वेताचा एक पाठा न विकता ठेवला आहे. शेजारच्या तीन घरांतल्या बायकांनी त्याच्यासाठी चारा वाटून घेतलाय, आणि तो वाढेपर्यंत काय करायचे यावर त्यांची रोज चर्चा चालते.