जोर्दी पुजोल: माणूस आणि प्रांत यांची गल्लत

जोर्दी पुजोल यांनी १९८० ते २००३ अशी सलग तेवीस वर्षं स्पेनमधल्या कॅटलोनिया प्रांताचं अध्यक्षपद सांभाळलं. त्यांच्यावरचा वाद सहसा पैशांपाशी येऊन थांबतो. मला मात्र खरं मूळ ३० मे १९८४ या दिवशी दिसतं. त्यांनीच स्थापनेत पुढाकार घेतलेली बांका कातालाना ही बँक बुडाली होती आणि सरकारी वकिलांनी त्यांच्यावर फिर्याद केली होती. त्या दिवशी बार्सिलोनात प्रचंड जमाव लोटला. पुजोल सरकारी वाड्याच्या सज्जात आले आणि माद्रिदच्या केंद्र सरकारने केलेला हा कॅटलोनियाचाच अपमान आहे, असं ठणकावून सांगितलं. बँकेच्या हिशेबाचा प्रश्न क्षणात अस्मितेचा झाला.

यावर त्यांचे समर्थक म्हणतात की १९८६ मध्ये न्यायालयानेच खटला चालवायला नकार दिला. खरं आहे. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत त्यांनी मारहाण आणि तुरुंगवास सोसला, हेही खरं. १९८३ चा भाषा कायदा आणि त्याच वर्षी सुरू झालेली टीव्ही-३ वाहिनी यांमुळे दडपलेली कॅटलान भाषा शाळेत आणि घराघरांत पोचली. हे श्रेय कुणीही नाकारू नये. पण नेत्यावरचा आरोप म्हणजे समाजावरचा घाला, हे एकदा रुजलं की त्या नेत्याला हिशेब विचारणारा घरभेदी ठरतो. आणि २५ जुलै २०१४ रोजी पुजोल यांनी स्वतःच लेखी कबुली दिली: वडिलांच्या वारशाचा परदेशातला पैसा कुटुंबाने तब्बल चौतीस वर्षं करखात्यापासून दडवला होता. म्हणजे सज्जातल्या त्या भाषणाच्या दिवशीही तो पैसा परदेशातच होता.