वेतन कामाचे की हजेरीपटाचे?

आमच्या महाविद्यालयाच्या जुन्या इमारतीचा जिना दोघे जण झाडतात. खालचे दोन मजले ज्यांच्याकडे आहेत ते गृहस्थ जवळजवळ तीस वर्षांपूर्वी संस्थेच्या सेवेत लागले; वरचे दोन मजले झाडणाऱ्या बाई एका कंत्राटदाराच्या वतीने येतात. झाडू एकाच कपाटातून निघतात, फिनेलची बाटलीही एकच. गृहस्थांना वेतनश्रेणी आहे, महागाई भत्ता व घरभाडे भत्ता आहे, रजा आहे, निवृत्तिवेतनाचा भरवसा आहे. बाईंच्या हाती महिन्याकाठी जे पडते ते त्यांच्या वेतनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असते. वेतनाचा सीमान्त उत्पादकता सिद्धांत शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, "सर, जिन्याची उत्पादकता दुसऱ्या मजल्यानंतर बदलते का?" वर्ग हसला. मीही हसलो, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. कारण त्या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात उत्तर नाही.

वेतनातील विषमता म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे साहेब आणि शिपाई यांच्यातील अंतर येते. शासकीय श्रेणींपुरते बोलावयाचे तर या अंतराची, निदान तळाकडील अंतराची, कहाणी सुधारणेची आहे. केंद्र शासनाच्या तिसऱ्या वेतन आयोगानंतर, म्हणजे १९७३ पासून, सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याचे किमान मूळ वेतन १९६ रुपये आणि कनिष्ठ लिपिकाचे २६० रुपये होते. चौथ्या आयोगाने ते अनुक्रमे ७५० व ९५० केले, पाचव्या आयोगाने २,५५० व ३,०५०. सातव्या आयोगात हे आकडे १८,००० आणि १९,९०० असे आहेत. म्हणजे १९७३ साली शिपायाच्या शंभर रुपयांमागे कारकुनाला सुमारे १३३ रुपये मिळत होते, ते २०१६ पासून ११० वर आले. महाराष्ट्र शासनाने तळाची श्रेणी १५,००० पासून सुरू केली, कनिष्ठ लिपिकाची १९,९०० पासून. आपल्या राज्यात जुने १३३ चे प्रमाण त्यामुळे टिकून आहे. तरीही ही शिडी चढता येण्याजोगी आहे, तिच्या पायऱ्या फार दूरदूर नाहीत.

ही शिडी कोणी दयाबुद्धीने उभारून दिलेली नाही. १९७७ च्या डिसेंबरात राज्य कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो ५४ दिवस चालला. केंद्राच्या दराने महागाई भत्ता ही त्याची मुख्य मागणी होती. ज्या वडीलधाऱ्या मंडळींनी ते दिवस पाहिले ती आजही सांगतात की दोन महिने घरात पगार आला नाही, पण कारकून आणि शिपाई एकाच फाटकापाशी उभे राहिले. एकच महागाई सर्वांना सोसावी लागते, तेव्हा भत्त्याचा दर सर्वांना एकच हवा, हा विचार त्या फाटकावर रुजला. आज आपण तो गृहीत धरतो.

पण शिडीच्या खाली काय आहे? जी पायरी महाग झाली ती भरावयाचीच नाही, हा मार्ग शासनाने आणि संस्थांनी हळूहळू पत्करला. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित माध्यमिक शाळांतील चतुर्थ श्रेणीची पदे, असलेला कर्मचारी निवृत्त होताच, संपुष्टात आणण्याचे ठरले. त्यांच्या जागी शाळांना 'शिपाई भत्ता' मिळावयाचा: ग्रामीण भागात दरमहा ५,००० रुपये, मुंबई-पुण्यात त्याच्या दुप्पट. हिशेब पाहा. त्याच शाळेत नियमित शिपाई नव्याने नेमला असता तर १५,००० मूळ वेतन आणि राज्याने २०२५ मध्ये मान्य केलेला ५५ टक्के महागाई भत्ता मिळून २३,२५० रुपये झाले असते, घरभाडे वेगळे. पाच हजार म्हणजे त्याच्या चतुर्थांशाहूनही कमी. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोजी १९२ रुपये पडते; आणि ज्या महाराष्ट्राने रोजगार हमीची कल्पना देशाला दिली, त्याच महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीच्या कामाचा दर ३१२ रुपये ठरला होता. शाळेची घंटा वाजविणाऱ्यापेक्षा तळ्यातील गाळ काढणाऱ्याची रोजी अधिक, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पदाला 'भत्ता' म्हणण्याबद्दल. भत्ता वेतनाच्या जोडीला असतो. येथे वेतनच नाही, केवळ भत्ता आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये हाच विचार वरच्या पायऱ्यांपर्यंत पोहोचला. नऊ खासगी संस्थांमार्फत अतिकुशल, कुशल, अर्धकुशल आणि अकुशल मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला, तेव्हा स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण खवळून उठले आणि ऑक्टोबरात तो निर्णय मागे घेण्यात आला. विद्यार्थ्यांचा तो राग रास्तच होता. परंतु सफाईची आणि पहाऱ्याची कंत्राटे त्याआधीही होती व त्यानंतरही आहेत. त्यांच्यासाठी कोणी रस्त्यावर आले नाही. वायरमन, नळ कारागीर, पंपचालक यांचे थोडे निराळे आहे. हातात कसब असले की मोठ्या शहरात बाहेरच्या बाजारात दोन पैसे अधिक मिळतात आणि सरकारी श्रेणी तितकीशी मोहक वाटत नाही. कंत्राटाचा खरा घाव बसतो तो ज्याला बाजारात दुसरा भाव नाही त्याच्यावर.

ॲडम स्मिथने १७७६ साली असे मांडले की काम जितके कष्टाचे, घाणेरडे वा अप्रतिष्ठेचे, तितकी त्याची मजुरी इतर परिस्थिती समान असता अधिक असावी लागते, नाहीतर कोणी ते करणार नाही. सत्तर-बहात्तर वर्षांनी जॉन स्टुअर्ट मिलने त्याच्याच देशाकडे बोट दाखवून म्हटले की प्रत्यक्षात नेमके उलटे दिसते. आपल्या देशात या उलटेपणाचे कारण शोधावयास फार लांब जावे लागत नाही. जात केवळ कामे वाटून देत नाही, कामकऱ्यांनाच बंद कप्प्यांत घालते, हा डॉ. आंबेडकरांचा १९३६ चा मुद्दा सफाईच्या मजुरीपाशी अर्थशास्त्राचा मुद्दा होतो. ज्याला दुसऱ्या कामाचे दार उघडे नाही, त्याचा 'नकार' बाजारात मोजलाच जात नाही.

कायद्याचे काय? १९४८ च्या किमान वेतन कायद्याची जागा आता वेतन संहितेने घेतली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा संहितेने आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार ठेवण्यास मनाई केली आहे. वाचून बरे वाटते. पुढे 'मुख्य काम' म्हणजे काय याची व्याख्या येते आणि सफाई, पहारा, उपाहारगृह, बागकाम ही कामे तीतून वगळलेली आढळतात. आठवडाभर स्वच्छतागृह धुतले गेले नाही तर कोणत्या महाविद्यालयाचे 'मुख्य काम' चालू राहील, हे मला ठाऊक नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये जगजित सिंग प्रकरणात शासनाच्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना समान कामासाठी नियमित श्रेणीचे किमान वेतन देण्याचे तत्त्व मान्य केले. पण मध्ये कंत्राटदार उभा केला की तो कर्मचारी आमचा नव्हेच, असे म्हणण्याची सोय होते. हा पडदा फाडता येतच नाही असे नाही. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांनी तो फाडला. त्यांच्या संघटनेची लढाई औद्योगिक न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालय या पायऱ्या चढून २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकली गेली. किती वर्षे लागली हे पाहिले म्हणजे ते उदाहरण इतरांना धीर देते की धास्ती, हे सांगणे कठीण.

नियमित वेतन हे बाजारभावाहून अधिक आहे आणि सर्वांना ते देणे राज्याच्या तिजोरीला झेपणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. वेतन व निवृत्तिवेतन यांचा बोजा खराच आहे, आणि मी स्वतः त्या बोज्याचा एक भाग आहे. पण या आक्षेपाचा अर्थ नीट लावला पाहिजे. झेपत नसेल तर काटकसर सर्व पायऱ्यांवर थोडीथोडी झाली असती. येथे ती शेवटच्या पायरीवरच्या माणसाकडून पूर्ण वसूल केली जाते आणि वरच्यांची श्रेणी शाबूत राहते. तासिका तत्त्वावर शिकविणारे आमचे तरुण सहकारी हे आता ओळखू लागले आहेत, कारण ती पायरी त्यांच्यापर्यंत आली आहे.

निदान माहिती तरी हवी. अमेरिकेचे श्रमसांख्यिकी खाते अनेक दशके शहराशहरांच्या वेतन पाहण्या छापीत असे: कारकुनी कामे, तांत्रिक कामे, देखभालीची कामे आणि सफाई-पहाऱ्याची कामे, प्रत्येकाचा त्या भागातील दर. आपल्याकडे केंद्राचे श्रम कार्यालय १९५८-५९ पासून व्यवसायवार वेतन पाहणी करीत आले, पण तिचा भर कारखाने, खाणी व मळे यांवर राहिला. नाशकात कंत्राटी शिपायाला काय मिळते आणि नांदेडात काय, हे विचारणाऱ्याला कोणते पुस्तक दाखवावे?

मोठा निर्णय मुंबईत होईल तेव्हा होवो. लहानसा निर्णय आपल्या हाती आहे. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार प्रत्येक महाविद्यालयात विकास समिती असते. तीत शिक्षकांचे आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी बसतात आणि अर्थसंकल्प तिच्यापुढे येतो. सफाईच्या निविदेत कामगाराच्या खात्यावर किती रक्कम जमा झालीच पाहिजे याचा एक रकाना घाला, तो नियमित श्रेणीच्या किमान वेतनाशी बांधा आणि जमा झाल्याचा पुरावा आल्याखेरीज कंत्राटदाराचे देयक मंजूर करू नका, असा ठराव मांडण्यास कोणत्याही संहितेची आडकाठी नाही. आमच्या समितीत गेल्या वर्षी निविदेची चर्चा झाली ती फिनेलच्या दराविषयी.