रमाबाईंची अमेरिका आणि आमच्या बागांतले नेपाळी

प्रवासवर्णन म्हटले की देखावे, इमारती आणि आगगाड्या डोळ्यांपुढे येतात. पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे १८८९ सालचे पुस्तक हाती घेतले तेव्हा माझीही तीच अपेक्षा होती. नावात 'लोकस्थिती' आधी आणि 'प्रवासवृत्त' मागून आहे, हे माझ्या उशिरा ध्यानात आले.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि चेल्टनहॅमच्या कॉलेजात संस्कृत शिकविले. वाँटेजच्या मठातील भगिनींनी त्यांना आसरा दिला. पण धर्माच्या बाबतीत त्या सांगतील ते मुकाट मानणे रमाबाईंना जमेना. त्यांच्या पत्रव्यवहारात हा वाद चांगलाच रंगला आहे. शिवाय ते आपल्या राज्यकर्त्यांचे घर!

मार्च १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. थोडक्या दिवसांचा मुक्काम जवळजवळ तीन वर्षे लांबला. इंग्रजांचे जोखड झुगारून देणारा हा देश त्यांना फार आवडला. मुलींची कॉलेजे, दारूबंदीसाठी झटणारी बायकांची संघटना यांविषयी लिहिताना त्यांची लेखणी थकत नाही. १८८७ साली बोस्टनमध्ये त्यांच्या विधवांच्या शाळेसाठी मंडळी स्थापन झाली, तेव्हा भारावून जायला कारणही होते.

परंतु त्याच पुस्तकात, गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली तरी काळ्या माणसांच्या वाट्याला काय येते आणि त्या भूमीच्या मूळ रहिवाशांवर कसा अन्याय झाला, हेही आहे. टोपीवर पाखरांची पिसे मिरविणाऱ्या बायकांनाही रमाबाई सोडत नाहीत. ज्यांनी मदत केली त्यांचे दोष लिहिणे सोपे नसते. त्यांचे मत फिरले असे मला वाटत नाही. 'अमेरिकन' हा एकच शब्द सगळ्यांना पुरेनासा झाला एवढेच. व्याख्यानांसाठी गावोगाव हिंडलेल्या बाईला तो पुरणार तरी कसा?

हे वाचताना मला आमचे मिरजोळे आठवले. आमच्या भागात आंब्याच्या बागा राखायला नेपाळी माणसे येतात. त्यांना हा परदेशच. आम्ही त्या सर्वांना 'गुरखा' म्हणतो, नाव विचारायची पद्धत नाही. बागेत शिरलास तर गुरखा धरील, अशी आई मला लहानपणी भीती घालीत असे. गेल्या चैत्रात त्यांच्यापैकी एकाने शाळेतून आलेला मराठी कागद वाचून दाखवायला मला बोलावले. त्याची मुलगी दुसरीत आहे आणि आमच्यासारखाच हेल काढून बोलते, हे मला तेव्हा कळले. कागद वाचून झाल्यावर त्याने कोरा चहा दिला. इथली माणसे पहिल्या वर्षी आपल्याला कशी वाटली होती, ते तो हसत हसत सांगू लागला. तेवढ्यात वरच्या बागेतून मालकांची हाक आली आणि तो उठून गेला.