सर्व्हर हलला, बॅकअपचं काय?

गडचिरोलीहून छत्तीसगडच्या दिशेने निघालं की आधी चातगाव लागतं, मग धानोरा. या तालुक्याने नोंदींचं मोल देशाला दाखवून दिलं आहे. चातगावजवळच्या शोधग्रामातून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि तो दुसऱ्या 47 गावांशी ताडून पाहिला. नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्या कार्यक्रमाची मुळं इथे आहेत. आणि त्याचा पाया होता गावागावांतली जन्ममृत्यूची नोंद. अशी नोंद एकदा गेली की गेली. 1995 साली जन्मलेल्या बाळाचं वजन आज कुणाला विचारणार?

आता अशा नोंदी सर्व्हरवर असतात. दवाखाना, महाविद्यालय, पतसंस्था यांच्याकडे एखादा सर्व्हर असतो आणि त्याच्या पोटात तीन-चार व्हर्च्युअल मशीन चालतात. ती चालवणारं सॉफ्टवेअर बरीच वर्षं व्हीएमवेअरचं असे. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली, डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी लायसन्स विकणं थांबवलं आणि फेब्रुवारी 2024 मध्ये व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या ईएसएक्सआय या सॉफ्टवेअरचं मोफत रूप बंद केलं. एप्रिल 2025 मध्ये ते परत आलं, पण तोवर अनेकांनी दुसरी वाट धरली होती. ती वाट बहुतेकदा व्हिएन्नातल्या प्रॉक्समॉक्सकडे जाते. हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर 2008 पासून आहे, लिनक्समधल्या केव्हीएम या यंत्रणेवर चालतं आणि लायसन्सचे पैसे न भरताही पूर्ण क्षमतेने वापरता येतं.

मशीन हलवणं आता अवघड राहिलेलं नाही. 2024 च्या वसंतात प्रॉक्समॉक्सने ईएसएक्सआयवरून मशीन थेट आयात करण्याची सोय दिली. विंडोजच्या मशीनमध्ये केव्हीएमला लागणारे व्हर्टआयओ ड्रायव्हर आधीच टाकून ठेवले, तर बहुतेक काम एका सुट्टीच्या दिवशी उरकतं. घोडं अडतं ते बॅकअपपाशी.

व्हीएमवेअरने 2009 पासून बॅकअप कंपन्यांसाठी एक ठरलेलं दार ठेवलं होतं. कुठलंही बॅकअप सॉफ्टवेअर त्या दारातून आत येई, डिस्कचे कोणते तुकडे बदलले ते विचारी आणि तेवढेच घेऊन जाई. मोफत ईएसएक्सआयवर हे दार बंदच असे, त्यामुळे ते वापरणाऱ्या लहान संस्थांना या दाराचा फायदा कधी मिळालाच नाही. प्रॉक्समॉक्सचं दार वेगळं होतं आणि बहुतेक मोठ्या कंपन्या तिकडे फिरकत नव्हत्या. मग प्रत्येक मशीनच्या आत एजंट नावाचा छोटा प्रोग्राम बसवायचा, म्हणजे प्रत्येक मशीनची वेगळी उस्तवारी करायची. ऑगस्ट 2024 मध्ये व्हीम या बॅकअप कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरच्या 12.2 आवृत्तीत प्रॉक्समॉक्सचा थेट बॅकअप आणला. एप्रिल 2025 च्या 8.4 आवृत्तीत प्रॉक्समॉक्सने बाहेरच्या बॅकअप कंपन्यांसाठी अधिकृत एपीआय, म्हणजे तसंच एक ठरलेलं दार दिलं.

लहान संस्थेने मात्र आधी प्रॉक्समॉक्सचाच बॅकअप सर्व्हर नीट समजून घ्यावा, असं मला ठामपणे वाटतं. त्याची 1.0 आवृत्ती नोव्हेंबर 2020 मध्ये आली. मशीनच्या डिस्कचे तो चार-चार एमबीचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याची शा-256 ही खूण काढतो. त्या खुणेचा तुकडा आधीच साठवलेला असेल तर तो पुन्हा घेत नाही. चार मशीनवर एकच विंडोज असेल तर सारखे तुकडे एकदाच जागा खातात. साठवलेले तुकडे शाबूत आहेत का, हे तो ठरल्या वेळी तपासतो. तुकडे एन्क्रिप्ट करून पाठवता येतात, पण किल्ली हरवली तर तो बॅकअप कुणालाच उघडता येत नाही. म्हणून किल्लीची एक प्रत कागदावर छापून कपाटात ठेवावी.

धानोऱ्यासारख्या ठिकाणी वीज आणि नेट या दोन्हींचा विचार करावाच लागतो. डिस्कचा कोणता भाग बदलला याची यादी प्रॉक्समॉक्स मेमरीत ठेवतं. मशीन बंद पडलं की ती यादी पुसली जाते आणि पुढच्या बॅकअपला अख्खी डिस्क वाचावी लागते. पाठवायचे तुकडे थोडेच असतात, पण वाचायला वेळ जातो. जंगलातून येणारी वीजवाहिनी पावसाळ्यात कधी तुटेल याचा नेम नसतो, तेव्हा चांगला यूपीएस हा बॅकअपचाच भाग मानावा. दुसरी अडचण संथ जोडणीची. बॅकअप चालू असताना मशीनने एखादा भाग बदलायला घेतला, तर त्या भागाची जुनी प्रत बॅकअप सर्व्हरपर्यंत पोचेतो मशीनला थांबावं लागतं. बॅकअप सर्व्हर दूर जिल्ह्याच्या ठिकाणी असेल तर ओपीडीचा संगणक अडखळतो. एप्रिल 2024 च्या 8.2 आवृत्तीपासून ही जुनी प्रत तात्पुरती स्थानिक डिस्कवर ठेवता येते. या सोयीला फ्लीसिंग म्हणतात. ती चालू करावीच. सगळ्यात कामाची सोय नोव्हेंबर 2024 मध्ये आली. काढता येणाऱ्या डिस्कवर डेटास्टोअर, म्हणजे बॅकअपचा साठा, ठेवता येऊ लागला. नेट नसलं तरी डिस्क पिशवीत घालून एसटीने गडचिरोलीला नेता येते.

काही गोष्टींत महागडी सॉफ्टवेअर अजून पुढे आहेत. डेटाबेसचे लॉग सांभाळणं, त्यातली एखादीच नोंद परत आणणं, हे काम प्रॉक्समॉक्सचा बॅकअप सर्व्हर स्वतःहून करत नाही. तिथे डेटाबेसचा स्वतंत्र डंप, म्हणजे पूर्ण नक्कल, रोज घ्यावा लागतो.

जुन्या बॅकअपचं काय करायचं, हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. ते जुन्या सॉफ्टवेअरच्या साच्यात असतात आणि प्रॉक्समॉक्सचा बॅकअप सर्व्हर ते वाचत नाही. नव्या जागी पहिला बॅकअप पूर्णच घ्यावा लागतो, म्हणून काही महिने दोन्हींसाठी जागा लागते. पाच वर्षांच्या नोंदी ठेवणं बंधनकारक असेल, तर जुनं सॉफ्टवेअर आणि ते चालेल असा एक संगणक पाच वर्षं जपावा लागेल. हा खर्च लायसन्समधून वाचलेल्या पैशांतून आधीच बाजूला काढा.

तुमच्या संस्थेत हे स्थलांतर होणार असेल तर जुनं लायसन्स संपण्याआधी एक दिवस राखून ठेवा. नव्या बॅकअपमधून एक मशीन रिकाम्या सर्व्हरवर रिस्टोअर करा, त्यातली सर्वांत जुनी नोंद उघडा, ती कागदी रजिस्टरशी ताडून पाहा आणि मगच जुना सर्व्हर बंद करा.