बी. ए. नंतर प्रसाविका

ताईच्या बाळंतपणाच्या रात्री मी डोंबिवलीच्या एका प्रसूतिगृहात बसून होते. ड्यूटीवरच्या सिस्टर दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके ऐकत आणि एका कागदावर खुणा करीत. त्याला पार्टोग्राफ म्हणतात, हे नंतर कळले. गर्भाशयाचे मुख चार सेंटिमीटर उघडले की हा आलेख सुरू होतो. पुढे तासाला निदान एक सेंटिमीटर प्रगती व्हावी लागते. ताईची रेघ मध्यरात्री अडली. सिस्टरांनी लगेच डॉक्टरांना उठवले आणि ताईला ठाण्याला मोठ्या रुग्णालयात हलवले. मायलेक सुखरूप आहेत.

बी. ए. झाल्यावर मी प्रसाविका होणार, असे घरी सांगितले तेव्हा बाबांनी विचारले, "मग ही तीन वर्षे फुकट?"

कागदोपत्री तरी फुकटच! अमेरिकेत इतर विषयांच्या पदवीधरांसाठी परिचर्येचे वर्ष-दीड वर्षाचे अभ्यासक्रम आहेत; आपल्याकडे तशी सवलत नाही. चार वर्षांच्या बी. एस्सी. नर्सिंगला बारावीचे भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागते. आपण त्यांना केव्हाच रामराम ठोकला. उरतो जी. एन. एम., म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसाविका हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम. येथे विज्ञानाला पसंती असली, तरी कला शाखेला दार बंद नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे इंग्रजीसह बारावी, किमान ४० टक्के गुण आणि वय १७ ते ३५ एवढे हवे. बी. ए. ची गुणपत्रिका कोणी मागत नाही. पहिल्या वर्षी मानसशास्त्र व समाजशास्त्र असते, तेवढे तरी ओळखीचे! शेवटी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे परिचारिका आणि प्रसाविका अशी दुहेरी नोंदणी होते. पुढे दोन वर्षांत बी. एस्सी. ही करता येते. शिवाय अनुभवी परिचारिकांसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये दीड वर्षाचे खास प्रसाविका-प्रशिक्षण आखले आहे.

आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशींचे बाळ दहा दिवसांत दगावले, तेव्हा त्या अवघ्या चौदा वर्षांच्या होत्या. १८८६ मध्ये त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तो प्रबंधही प्रसूतिशास्त्रावरच होता. मला काही डॉक्टर व्हायचे नाही. तो कागद वेळेवर वाचता यावा, एवढेच हवे आहे.

एकविसाव्या वर्षी पदवी आणि पुढे तीन वर्षे, म्हणजे चोविसाव्या वर्षी नोंदणी. हा हिशेब बाबांना सांगितला आहे. ते अजून हो म्हणालेले नाहीत. अर्ज मात्र मी आणणार आहे.